गिअरबॉक्स बदलावा की गाडी?

पेडणे-डिचोलीत मोटार ही चैन आहे असे अजून कोणाला वाटत असेल, तर त्याने रात्री आठनंतर म्हापशाच्या बसस्थानकावरून आतल्या एखाद्या वाड्यावर जाऊन दाखवावे. हमरस्त्यापर्यंत बस मिळेल, पुढे पायपीट. घरात म्हातारे माणूस असेल आणि अपरात्री बांबोळी गाठायची वेळ आली, तर दारातली जुनी गाडीच उपयोगी पडते. म्हणून आपल्याकडे पंधरा-पंधरा वर्षांच्या गाड्या जपून वापरतात. त्या जपण्यात कंजूषपणा नाही, गरज आहे.

अशा गाडीचा गिअरबॉक्स गेला की घरात एकच वाक्य ऐकू येते : "गाडी विकली तर साठ हजार येणार नाहीत, तिच्यावर पंचेचाळीस हजार घालायचे? त्यापेक्षा नवी घेऊ." ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. बँकेत नोकरी करणारा आणि वाणिज्य शाखेत शिकलेला माणूस म्हणून सांगतो, यातला हिशेबच चुकीच्या आकड्यांवर मांडलेला आहे.

दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडायचा नसतो. तो ताडायचा दुसरी गाडी घेण्याच्या खर्चाशी. समजा, नव्या गाडीसाठी ५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ८,०४५ रुपये येतो आणि सात वर्षांत व्याजच पावणेदोन लाखांच्या वर जाते. आरंभीची भरणा रक्कम, विमा आणि रस्ता कर वेगळे. आता ४५,००० रुपयांची दुरुस्ती पाहा. ती जेमतेम साडेपाच हप्त्यांइतकी होते. दुरुस्त केलेली गाडी वर्षभर चालली तरी महिन्याला ३,७५० रुपये पडले, तीन वर्षे चालली तर १,२५०. गाडीवर पूर्वी काय काय खर्च केला हे या हिशेबात धरायचेच नाही. तो पैसा गेला. पुढे किती जाणार आणि त्या बदल्यात किती दिवस गाडी मिळणार, एवढाच प्रश्न.

पण पंचेचाळीस हजार मोजण्याआधी गिअरबॉक्स खरोखरच गेला आहे का, ते पाहावे. गिअर पडत नाही याचा अर्थ दर वेळी गिअरबॉक्स संपला असा नसतो. क्लच प्लेट झिजली असेल, केबल ताणली असेल, सील गळून ऑइल उतरले असेल. ही कामे त्या मानाने किरकोळ. आत बेअरिंग किंवा सिंक्रो रिंग गेली असेल, तर चांगला मेस्त्री गिअरबॉक्स उघडून तेवढेच भाग बदलतो. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाला मोठ्या वर्कशॉपने अख्खे असेंब्ली बदलायला सांगितले होते; गावच्या गॅरेजमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले आणि गाडी अजून धावते आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये खोलून दुरुस्त करण्यापेक्षा संपूर्ण बदलणे सोयीचे पडते. सोय त्यांची, बिल आपले.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा गाडीचा सांगाडा खाते. फ्लोअर गंजला असेल, चेसिसला भोके पडली असतील, तर नवा गिअरबॉक्स घालणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले चढवणे. तिथे मोह आवरावा. मुलाबाळांना घेऊन रोज हमरस्त्याने जाणाऱ्याने सुरक्षिततेचाही विचार करावा. तेव्हा दुरुस्ती नेहमीच बरोबर असे मी म्हणत नाही. निर्णय सांगाडा पाहून आणि हिशेब मांडून व्हावा, भीतीपोटी किंवा शेजाऱ्याकडे पाहून नव्हे.

इथवरचा प्रश्न घरचा होता. यापुढचा राजकारणाचा आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्यावर गेल्या काही वर्षांत ओझे वाढतच गेले. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नूतन करण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, सुट्या भागांवरचाही १८ टक्के झाला. ही सवलत चांगली. पण नवी गाडी घेणाऱ्याला आणि जुनी जपणाऱ्याला एकाच दराने कर, आणि वर जुनीवाल्याला शुल्काचा भुर्दंड, हा कुठला न्याय?

सुट्या भागांची गोष्ट तर जुनीच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अपिलात गेल्या. पण ज्या छोट्या मेस्त्रीमुळे आपली गाडी परवडते, त्याच्या हातात अजूनही सगळी साधने नाहीत. पुढे हा प्रश्न अधिकच जाचणार आहे. भारतात २०१४ पासून छोट्या गाड्यांतही एएमटी प्रकारचे स्वयंचलित गिअर आले. त्या पहिल्या गाड्या आता दहा वर्षांच्या वर गेल्या. त्यातला बिघाड शोधायला पान्याबरोबर संगणक लागतो, आणि तो नसेल तर गाडी टो करून पर्वरी गाठावी लागते.

कर्जावर घेतलेले चाक दारात उभे राहिले की काय होते, हे डिचोलीकरांना दुसऱ्याने सांगायला नको. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा मार्च २०१८ मध्ये थांबल्या. ट्रक अंगणात गंजले, हप्ते मात्र थांबले नाहीत. २०१४ साली सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी कर्जमदत योजना आणावी लागली. ज्या तालुक्याने हे भोगले, तिथे तरी "नवी घ्या, हप्ता बसवून देतो" या वाक्याला लगेच भुलू नये.

मग मागायचे काय? पहिली मागणी, आतल्या गावांतून सकाळी लवकर आणि रात्री उशिरा कदंबच्या फेऱ्या. बस असेल तर जुनी गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी घर अडत नाही आणि घाईने कर्ज काढावे लागत नाही. दुसरी, पेडणे आणि डिचोली येथील सरकारी आयटीआयमध्ये स्वयंचलित गिअरच्या दुरुस्तीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण, आणि त्यात आज गॅरेज चालवणाऱ्यांनाही प्रवेश. तिसरी, तपासणीत उत्तीर्ण झालेल्या खासगी गाडीला वाढीव नूतनीकरण शुल्कातून सूट मिळावी, असा ठराव राज्य सरकारने केंद्राकडे पाठवावा.

आपल्या हातातही काही आहे. गाडी खोलण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे, काढलेले जुने भाग परत मागावेत, बिल घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. पण हाती कागद नसेल तर कायदा काय करणार?

मते मागायला येणारा उमेदवार देवळासमोर नवी कोरी गाडी उभी करून उतरतो. त्याला आपली जुनी गाडी दाखवावी आणि विचारावे : "हिचा गिअरबॉक्स गेला, तर आमच्या वाड्यावर शेवटची बस किती वाजता येते?"