सायकलची फेरी, गावाची रोजी

मुंबईच्या उपनगरांत धंदा म्हटला की गाळे, मॉल आणि इमारती एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु याच उपनगरांच्या कडेने जुन्या गावांतून जाणारी एक वाट आहे. तिच्यावर लहान भांडवलाचा धंदा उभा राहू शकतो, असे आम्हाला वाटते.

अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याहून बोटीने मढला उतरावे. पोर्तुगीजांनी बांधलेला व १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, एरंगळचे १५७५ चे चर्च आणि आक्सा मागे टाकून मार्वे गाठावे. तेथून दुसऱ्या बोटीने मनोरी, पुढे गोराई आणि तिसऱ्या बोटीने बोरिवली. वाटेत कोळीवाडे आणि बोंबील सुकविण्याच्या वलांडी. सायकलही बोटीत चढते. हौशी लोक सुटीच्या दिवशी ही फेरी करतातच.

मग अडते कोठे? बोरिवलीहून अंधेरीला परतताना लिंक रोडच्या वाहतुकीत सायकल चालविणे जिवावर येते. शिवाय घाटकोपरचा माणूस २०१४ पासून मेट्रोने थेट वर्सोव्याला येतो खरा, पण सायकल कोठून आणणार?

उपाय सोपा आहे. सायकल वर्सोव्यात भाड्याने घ्यावी, बोरिवलीत परत करावी आणि लोकलने घरी जावे. दोन्ही टोकांच्या दुकानदारांनी हिशेब आपसांत ठेवावा, संध्याकाळी टेम्पोने सायकली परत आणाव्यात. वाटेत पंक्चरवाला, चहावाला आणि घरगुती जेवण देणाऱ्या बायका यांना गिऱ्हाईक मिळेल. सायकलचे बोटभाडे मात्र ठरलेले असावे आणि ते फलकावर लिहावे.

घोड्यांचे काय, असे कोणी विचारील. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया बग्ग्या बेकायदा ठरविल्या. २०२१ मध्ये दक्षिण मुंबईत विजेवरच्या बग्ग्या आल्या. तापल्या डांबरावर मुक्या जनावराला राबवून मिळणारा नफा आम्हाला नको. पण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या लगाम धरला, त्याची रोजीही तितकीच मोलाची आहे. या वाटेवर विजेची बग्गी किंवा सायकलचे दुकान निघाले, तर पहिला हक्क त्याचा असावा.

सरकारी कोट्यवधींची वाट पाहण्यात अर्थ नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये खास सायकल मार्ग बांधला गेला, पण पुढे त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. येथे तर रस्ता आणि बोटी तयार आहेत.

महापालिकेने वर्सोवा-मढ पुलाची योजना हाती घेतली आहे. पूल झाला की मोटारी गावांतून सुसाट निघून जातील आणि बोटवाल्याचे उतारू घटतील. त्याआधी ही फेरी रुजली, तर येणारा माणूस गावात थांबेल, दोन पैसे ठेवून जाईल. म्हणून दुकानदारांनी आणि बोटवाल्यांनी आजच एकत्र बसावे, हे आमचे सांगणे आहे.