दोन्ही हातांनी धरलेला फोन

माझा भाऊ रियाधला असतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला की अम्मी आधी ओढणी डोक्यावर घेते, चष्मा पुसते आणि मग काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा फोन दोन्ही हातांनी धरते. इथे जळगावात ईशाची अजान होत असते आणि भावाच्या मागे अजून ऊन दिसतं. "तिकडे अजून दिवस आहे," असं ती दर वेळी सांगते. आम्ही हसतो.

मामू कुवेतला होते तेव्हा पत्र यायला पंधरवडा लागायचा. मग सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसून कॅसेट भरायचं. सुट्टी संपवून परत निघालेल्या कोणाच्या तरी सामानातून ती जायची. मामूंनी न पाहिलेल्या बाळाचं रडणंही त्यात मुद्दाम टेप केलेलं असायचं. अम्मीला हे सगळं आठवतं, म्हणून तिचं नवल टिकून आहे. आमचं नवल कधी संपलं, ते कळलंही नाही.

ते संपल्यावर काय होतं, हे आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. बहुतेकांचं घर थेट सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याकडे; भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यांचा रिवाज. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. तो मेसेज मुळात कोणी लिहिला, हे त्या बाजारात कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्यावर विश्वास बसला. समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसांवर बसला नाही.

दूरच्या आदिवासी पाड्यावरची गोष्ट म्हणून हात झटकायची सोय आपल्याला नाही. त्याच रात्री मालेगावात, आपल्याच वस्तीत, याच संशयावरून पाच जण जमावाच्या तावडीत सापडले होते. त्यात एक लहान मूलही होतं. वस्तीतल्याच माणसाने त्यांना घरात घेऊन दार लावलं आणि पोलीस पोचले, म्हणून ते जगले.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ब्रेक चांगलाच आहे, पण तो फक्त बोटाला लागतो.

सूरह हुजुरातची सहावी आयत आपल्याकडे अशा वेळी हमखास सांगितली जाते: कोणी बातमी आणली तर आधी खात्री करा, नकळत कोणावर अन्याय होऊ नये. त्याच सूरहची तेरावी आयत मात्र आपण एकोप्याच्या जलशांसाठी राखून ठेवतो. माणसांच्या कौमी आणि कबिले वेगवेगळे केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असं ती सांगते. मला या दोन आयती सोबत वाचाव्याशा वाटतात. नुसती खात्री करत राहिलं तर माणूस पोलिसासारखा होतो, जो तो संशयित. ओळख करून घ्यायला आधी समोरच्याबद्दल कुतूहल लागतं. हा कोण, कुठून आला, काय खातो, घरी कोण वाट पाहतंय? फोनने ते विचारायची जेवढी सोय केली आहे, तेवढी कुठल्याच पिढीला नव्हती. आणि आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर असे कितीतरी जण आहेत, ज्यांची 'जुम्मा मुबारक'ची फुलं मला दर आठवड्याला पोचतात, त्यांच्या घरचं आजारपण पोचत नाही. मीही कधी विचारलेलं नाही.

आणखी एक कबुली द्यायची आहे. राईनपाड्याच्या आधीच्या आठवड्यात मीही तसलं एक ढकलपत्र नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, काळजीपोटी. अम्मीला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला.

"कोणाचं मूल गेलं?" तिने विचारलं. "त्या आईशी कोणी बोललं का?"

मला सांगता आलं नाही.