बाजाराबाहेरचे प्रेक्षक

मराठीत ‘बृहन्महाराष्ट्र’ असा एक उदार शब्द आहे. इंदूर, बडोदे, तंजावर असो की न्यू जर्सी, मराठी माणूस जिथे जाऊन राहिला तिथवर महाराष्ट्र वाढला, असे तो शब्द गृहीत धरतो. (मूळ महाराष्ट्र त्या माणसाची कितपत विचारपूस करतो, हा वेगळा प्रश्न, आणि तो आज बाजूला ठेवू.) अमेरिकन केबल टीव्हीच्या परिभाषेत घरापासून दूर गेलेल्या अशाच माणसासाठी बरोबर उलट्या वृत्तीचा एक शब्द आहे: ‘आउट ऑफ मार्केट’. बाजाराबाहेरचा. त्यात प्रदेश नाही, नाते नाही, भाषा नाही. टपालाचा पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर काय विकता येईल याचा हिशेब आहे. गेली अनेक वर्षे आमची गणना या शब्दाखाली होत आली, आणि आमची तक्रार या शब्दापासूनच सुरू होते.

आम्ही म्हणजे तिघे. मध्यपश्चिम अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात वेगवेगळ्या विषयांसाठी, पण एकाच काळात शिकलो. ते विद्यापीठ ‘बिग टेन’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकमेकांशी नियमाने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात मोडते. त्याचे गाव एवढे लहान की विद्यापीठ वजा केले तर मक्याची शेते आणि दोन पेट्रोल पंप उरावेत. पहिल्या शरदात आमच्यापैकी एकजण शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर कपाटांच्या रांगांत बसलेला असताना खिडकीच्या काचा हलल्या. भूकंप वाटला. तो स्टेडियममधल्या माणसांचा आवाज होता. पुढच्या शनिवारी तो ग्रंथालयात गेला नाही. अमेरिकन फुटबॉलचे नियम आम्हाला नंतर कळले, आधी त्या गावाचे आनंद आणि सुतक कळले. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्यांना फर्गसनच्या टेकडीचा किंवा एल्फिन्स्टनच्या जिन्याचा उल्लेख निघताच आवाज जड करून बोलावेसे वाटते, त्यांनी तरी आम्हाला हसू नये.

शिक्षण संपल्यावर आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो. आता प्रश्न साधा होता: शनिवारी आपल्या विद्यापीठाचा सामना घरच्या टीव्हीवर दिसेल काय? उत्तर पहिली काही वर्षे लहरीवर अवलंबून असे. राष्ट्रीय वाहिनी दुपारी एकाच वेळी दोन-तीन सामने घेई आणि देशाचे तुकडे पाडून कुठल्या तुकड्याला कोणता सामना हे ठरवी. आमचा सामना ओहायोत दिसे, आयोवात दिसे, आम्हाला मात्र पूर्व किनाऱ्यावरचा कुठला तरी. हंगामाचे वेगळे पैसे भरून दूरचे सामने देणारा एक संच केबलवाल्याकडे मिळत असे. तो घेतला. त्यात आमच्या सामन्याच्या वेळी निळा पडदा आणि ‘हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही’ ही एक ओळ असे. शेवटी आम्ही फोन केला. ग्राहकसेवेतील बाई अतिशय विनयशील होत्या.

“सर, तुम्ही त्या मार्केटमध्ये नाही.”

“मग आम्ही कोणत्या मार्केटमध्ये आहोत?”

“न्यूयॉर्क, सर.”

“पण आमचे विद्यापीठ न्यूयॉर्कमध्ये नाही.”

“म्हणूनच, सर.”

या ‘म्हणूनच’ला उत्तर नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नीलसन कंपनीने अमेरिकेचे २१० बाजारविभाग पाडले आहेत. राज्यांच्या सीमा, नद्या, माणसांचे येणेजाणे यांना त्या नकाशात फारसे स्थान नाही. दूरदर्शन संचावर कोणाला काय दिसावे, हे बहुतांशी त्या नकाशावरून ठरते. तुम्ही कुठे शिकलात, कोणाचे आहात, ही माहिती त्या नकाशाला नको असते.

३० ऑगस्ट २००७ रोजी बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. फॉक्सच्या भागीदारीत निघालेल्या या ‘बिग टेन नेटवर्क’चा गाजावाजा असा की आता गटातल्या विद्यापीठांच्या चाहत्यांना कोणताही सामना मुकणार नाही. दोनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, अ‍ॅन आर्बरच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक लोकांसमोर अ‍ॅपलाचियन स्टेट या खालच्या विभागातल्या संघाने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला ३४–३२ असे हरवले. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक अडवली गेली आणि सामना संपला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी हा एक. आणि तो टीव्हीवर पाहिला किती जणांनी? सामना केवळ त्या नव्या वाहिनीवर होता, आणि देशातल्या मोठ्या केबल कंपन्यांशी तिचा करारच झाला नव्हता. वाहिनीला दरमहा घरटी पैसे हवे होते, कंपन्यांना ते द्यायचे नव्हते. खुद्द मिशिगनमधल्या असंख्य घरांत तो सामना दिसला नाही. म्हणजे ‘बाजारात’ राहणारेही त्या दिवशी आमच्या पंक्तीला येऊन बसले. खोटे कशाला बोला, आम्हाला किंचित बरे वाटले.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण हा सगळा प्रकार प्रेक्षकाच्या नावाने आणला गेला. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने १९५१पासून फुटबॉलच्या प्रक्षेपणावर बंधने घातली. टीव्हीमुळे स्टेडियमची तिकिटे खपणार नाहीत, ही भीती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्या वर्षी विरोध करून पाहिला. इतर विद्यापीठे त्यांच्याशी खेळेनाशी होताच त्यांनी माघार घेतली. पुढे तीसएक वर्षे सामने दिसत ते मोजके. अखेर ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सात विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते असा निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे. प्रक्षेपणांची संख्या दाबलेली, किंमत वाढवलेली आणि दोहोंचा प्रेक्षकांच्या आवडीशी संबंध नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप. उदाहरण म्हणून त्यांनी १९८१ सालचे दोन सामने घेतले. ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवर दाखवला गेला, सिटाडेल आणि अ‍ॅपलाचियन स्टेट यांचा अवघ्या चार केंद्रांवर. तरीही चारही संघांना सारखेच पैसे! न्यायालयाला हे अविश्वसनीय वाटले. आम्हाला या उदाहरणात दुसरेच काही दिसते. बाजाराने नगण्य ठरवलेल्या त्याच अ‍ॅपलाचियन स्टेटने सव्वीस वर्षांनी इतिहास घडवला, आणि तेव्हा बाजार करारावर घासाघीस करत बसला होता.

विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ धंदा समजून त्यावर धंद्याचे नियम लावणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे. बहुमताचा निकाल योग्य होता, असे आम्हीही मानतो. एनसीएएची व्यवस्था दांभिक होती. परंतु धंदा समजा म्हटल्यावर विद्यापीठांनी तो असा काही समजून घेतला की व्हाइट यांची भीती आज सौम्य वाटावी.

याचा लख्ख पुरावा आमच्या दारात आला. नोव्हेंबर २०१२मध्ये बिग टेनने मेरिलँड आणि रटगर्स या दोन विद्यापीठांना गटात घेतल्याचे जाहीर केले. ती २०१४ साली दाखल झाली. रटगर्स म्हणजे आमचे शेजारी, एडिसनला लागून असलेल्या पिस्कॅटवेत त्यांचे स्टेडियम. महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्सने प्रिन्स्टनशी खेळला आणि ६–४ असा जिंकला, हे खरे. पण त्यांना बोलावले ते त्या पुण्याईवर नव्हे. गटाच्या प्रदेशातल्या केबलग्राहकामागे वाहिनीला मिळणारा दर बाहेरच्या ग्राहकाच्या कितीतरी पट असे. न्यू जर्सीतले एक विद्यापीठ गटात आले की न्यूयॉर्कची लक्षावधी घरे ‘आत’ येतात, मेरिलँड आले की वॉशिंग्टनची. तेव्हाच्या बहुतेक क्रीडा स्तंभांतून हा हिशेब उघड मांडला जात होता, आणि कोणाला त्याची लाज वाटत नव्हती.

अशा रीतीने २०१४च्या उन्हाळ्यात आम्ही बाजारात आलो. आम्ही घर बदलले नव्हते. त्याच सोफ्यावर, त्याच संचासमोर बसलो असताना बाजार आमच्या अंगावरून पुढे सरकला. जी वाहिनी कालपर्यंत जादा पैशांच्या क्रीडासंचात होती ती मूळ संचात आली, आणि वरच्या मजल्यावरच्या, केवळ मराठी मालिका पाहणाऱ्या आजींच्या बिलातही शिरली. आम्हाला सामने दिसू लागले, त्याचा काही भार त्या आजी उचलत होत्या. आम्ही त्यांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या, यापलीकडे काय करणार?

आता मुख्य आरोप. केबल कंपनीला शिव्या घालणे सोपे आहे आणि मनाला बरेही वाटते. आम्ही वर्षानुवर्षे तेच केले. परंतु केबलवाला हा दुकानदार. माल कोणाचा? प्रक्षेपणाचे हक्क विकणारी कॉन्फरन्स विद्यापीठांची, करारावर संमती विद्यापीठांच्या अध्यक्षांची, पैसा विद्यापीठांच्या क्रीडाविभागांचा. जे विद्यापीठ दर डिसेंबरात ‘तुम्ही कुठेही असा, आमचेच आहात’ असे पत्र पाठवते, त्यानेच आम्हाला पत्त्यानुसार विकले. देणगीच्या त्या पत्राला ब्लॅकआउट नसतो, हे आम्ही नोंदवून ठेवले आहे. ते न्यू जर्सीत येते आणि पुण्यालाही जाते.

हा पैसा विद्यार्थ्यांसाठीच असतो, असे यावर सांगितले जाते. क्रीडाविभागाच्या पैशातून इतर खेळ चालतात, हे काही प्रमाणात मान्य. पण ज्यांचा खेळ विकला जात होता त्या खेळाडूंना या उत्पन्नाचा थेट वाटा मिळू लागला तो २०२५च्या जुलैपासून, तोही न्यायालयीन तडजोडीनंतर. १९८४पासून मोजले तर एक्केचाळीस वर्षे. तेव्हा विद्यार्थ्यांचे नाव पुढे न केलेलेच बरे.

भाषेच्या माणसांना एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. २०२४पासून ‘बिग टेन’मध्ये अठरा विद्यापीठे आहेत. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये सोळा. ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, आणि तिथून जवळचा समुद्र पॅसिफिक. पॅसिफिकच्या नावाचा गट त्याच उन्हाळ्यात दोन सभासदांपुरता उरला आणि २०१२ साली निघालेली त्याची वाहिनी बंद पडली. देशातल्या एका मोठ्या उपग्रह कंपनीशी त्या वाहिनीचा करार शेवटपर्यंत झाला नाही. तिथल्या आमच्यासारख्या चाहत्यांनी बारा वर्षे काय भोगले असेल, याची आम्हाला कल्पना आहे. शब्द अर्थापासून सुटल्याचे दाखले नवसमीक्षेच्या वर्गात शोधत बसण्याऐवजी विद्यार्थ्यांना हे गुणफलक दाखवावेत.

केबल सोडा, इंटरनेटवर पाहा, असा सल्ला तरुण मंडळी देतात. केबल सोडली. तेव्हा कळले की आमचा एक सामना या सेवेवर, दुसरा त्या सेवेवर, तिसरा पुन्हा जुन्याच वाहिनीवर. भांडणेही तीच. ३१ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी फ्लोरिडा आणि युटा यांचा सामना चालू असताना चार्टर या केबल कंपनीच्या ग्राहकांच्या पडद्यावरून ईएसपीएन नाहीशी झाली, डिस्नीशी दराचा वाद म्हणून. २०२५मध्ये ३० ऑक्टोबरपासून दोन आठवडे यूट्यूब टीव्हीवर तेच घडले, फुटबॉलच्या ऐन हंगामात. अटी माहीत नसलेल्या कराराच्या भांडणात प्रेक्षक ओलीस, हे सूत्र तारेतून गेले आणि हवेतून आले.

आमच्यापैकी तिसरा आता पुण्याला असतो. तिथल्या दुपारी बाराचा सामना त्याला रात्री साडेनऊला लागतो, घड्याळे मागे गेल्यावर साडेदहाला. तो विद्यापीठाच्या रेडिओवरचे समालोचन ऐकतो. ते इंटरनेटवर फुकट मिळते, त्याला बाजार विचारत नाही. बाळ ज. पंडितांच्या आवाजावर क्रिकेट पाहिलेल्या पिढीला हे अवघड जाऊ नये, असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे आम्हाला पुरते पटत नाही. काचा हलवणारा तो आवाज रेडिओवर येतो, पण मैदान येत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. हक्क विकताना करारात एक कलम घालावे: ज्या पत्त्यावर सामना कोणीही विकत नाही, त्या पत्त्यावरच्या माजी विद्यार्थ्याला विद्यापीठ स्वतः तो दाखवील, वाजवी पैसे घेऊन. आमचे पत्ते त्यांच्याकडे आहेत. देणगीच्या पत्रांवर ते अचूक असतात. या अर्थाचे पत्र आम्ही तिघांनी सह्या करून विद्यापीठाच्या अध्यक्षांना धाडले. सहा आठवड्यांनी उत्तर आले. पत्राबद्दल आभार मानले होते, क्रीडाविभागाकडे ते पाठवल्याचे कळवले होते, आणि खाली एक ओळ होती: पत्ता बदलल्यास कृपया कळवावे.