गुरुजींनी सांगायचे काय, विचारायचे काय?

ज्ञानरचनावादाचे म्हणणे साधे आहे: शिकणारा नव्या गोष्टीचा अर्थ आपल्या आधीच्या समजुतीला जोडून स्वतःच लावतो. ज्याँ पियाजे आणि लेव वायगॉटस्की यांच्या कामातून पुढे आलेला हा विचार राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने स्वीकारला आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर तो जिल्हा परिषद शाळांच्या फरशीपर्यंत पोहोचला. फरशीपर्यंत, अगदी अक्षरशः. ज्ञानरचनावादी वर्गांसाठी गाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटातील शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि पुष्कळांनी येताना सोबत आणली ती रंगवलेली फरशी. बुचे आली, आइस्क्रीमच्या काड्या आल्या. ‘हे उत्तर तू कसं काढलंस?’ हा प्रश्न मात्र वाटेतच राहिला. विरोधकांना आयते कोलीत मिळाले.

त्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, जे शोधायला माणसाला शतके लागली ते मुलाने एका तासिकेत पुन्हा का शोधावे? किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा मांडला: नवख्याची कार्यस्मृती तोकडी असते, मार्गदर्शन नसेल तर ती चाचपडण्यातच खर्ची पडते. हे खरेच आहे. पण त्यातून खंडन होते ते मुलाला वाऱ्यावर सोडण्याचे. वायगॉटस्कींचा सारा भर, मूल आज एकट्याने करू शकत नाही पण जाणत्याच्या आधाराने करू शकते, अशाच कामावर आहे.

लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीचे उदाहरण घ्यावे. वाडीतून गडावर जाताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात आणि वाट नागमोडी वळत जाते. ती सरळ का नेली नाही, हे तिथल्या मुलाला सांगावे लागू नये. बुरुजावर उभे करून ‘खालचा माणूस कुठून कुठून दिसतो?’ एवढे विचारले की पुरे. पण १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो परत घेतला, हे कितीही वेळ तटाकडे पाहून कळणार नाही. ते सांगायलाच हवे. तर्काने उभे राहणारे ज्ञान आणि समाजाकडून मिळणारे ज्ञान यांतला हा फरक खुद्द पियाजेंनीच केलेला आहे.

दुसरा आक्षेप गणिताचा: कृतीत वेळ जातो, रीत सांगितली की काम होते. मावळात भाताच्या आवणीच्या दिवसांत याची परीक्षा घेता येते. चारसूत्री लावणीत चूड (रोपांची जुडी) दोन्ही दिशांनी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात. चार चुडांच्या लहान चौकोनात खताची एक गोळी, म्हणजे ब्रिकेट, खोचतात. चौरस मीटरला ब्रिकेट किती? फक्त रीत पाठ असलेले मूल १५ गुणिले १५ करील, त्याने १०,००० ला भागील आणि ४४ म्हणेल. इथे ‘चूक’ असा शेरा मारून काही साधत नाही. अंगणात चुडांच्या जागी बुचे मांडून ‘पुढचा चौकोन कुठून सुरू होतो?’ असे विचारले की मधली २५ ची मोकळी पट्टी दिसते. एका ब्रिकेटच्या वाट्याला ४० गुणिले ४० म्हणजे १,६०० चौरस सेंटिमीटर येतात; उत्तर सव्वासहा, हेक्टरी ६२,५००. मग रीतही कळते आणि ती कुठे लावायची नाही, हेही.

पाढे बुडाले ही तक्रार त्यामानाने किरकोळ. वरचा भागाकार करायला पाढे लागतातच. त्यांना हद्दपार करा असे पियाजे कुठेच म्हणत नाहीत.

महाविद्यालयांची गोष्ट वेगळी, आणि थोडी गमतीची. ज्ञानरचनावादाची वैशिष्ट्ये शिक्षणशास्त्राच्या वर्गात मुद्देवार सांगून लिहून घेतली जातात, आणि परीक्षेत तीच तशीच मागितली जातात. परीक्षा अशी असेल तर वर्गही तसाच राहणार, हा आक्षेप बरोबर आहे. पण तो प्रश्नपत्रिकेवर घ्यायला हवा. ‘चौरस मीटरला ब्रिकेट किती?’ याऐवजी ‘एका विद्यार्थ्याचे उत्तर ४४ आले; त्याने कोणती जागा मोजायची सोडली?’ असे विचारायला कागद तेवढाच लागतो.