शिकवणीचे मोल

गेल्या डिसेंबरात माझ्या मुलाने एका खासगी शिकवणीसाठी उसने पैसे मागितले. मुलगा सव्वीस वर्षांचा, नोकरी करणारा अभियंता. बारावीबरोबर शिकवण्यांचे दिवस संपले, अशा समजुतीत मी होतो. ही शिकवणी मात्र टेक्निकल स्कूबा डायव्हिंगची होती. थायलंडमध्ये आठ दिवस, एक गुरू आणि एक शिष्य. माझी पहिली मोटार याहून स्वस्तात आली होती. "चौघांच्या वर्गात कमी पैशांत भागेल," असे मी सुचवले. "बाबा, मला नीट शिकायचे आहे," एवढेच तो म्हणाला.

आपल्या गोव्यात ग्रँडे बेटाजवळ पर्यटक ज्या बुड्या मारतात, त्यांहून हा प्रकार निराळा आहे. हौशी डायव्हिंगची मर्यादा साधारणतः 40 मीटर; अडचण आल्यास सावकाश थेट वर येता येते. टेक्निकल डायव्हिंगमध्ये ती मुभा नसते. शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलींवर थांबत यावे लागते. हे टप्प्यांचे तत्त्व जे. एस. हाल्डेन यांनी 1908 मध्ये मांडले. थांबे चुकले तर रक्तात बुडबुडे होतात. अखेरच्या टप्प्यात 6 मीटरवर शुद्ध प्राणवायू घेतात. तोच सिलिंडर चुकून 20 मीटरवर तोंडाला लावला तर प्राणवायूचा दाब 3 बार होतो आणि आकडी येऊ शकते. आपल्या तपासणीच्या टेबलावर आकडी आलेल्या मुलाला आपण कुशीवर वळवतो. पाण्याखाली मात्र तोंडातील नळी सुटते आणि माणूस बुडतो.

शुल्काचा काही भाग सिलिंडर, बोट आणि महागड्या हेलियमवर खर्च होतो. 40 मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या पाचपट वायू लागतो, आणि साध्या उपकरणात तो उच्छ्वासाबरोबर समुद्रात जातो. उरलेले पैसे गुरूच्या लक्षाचे. उथळ पाण्यात तो मुद्दाम झडप बंद करतो, मुखवटा काढायला लावतो आणि शिष्याचा श्वास कितपत ढळतो ते पाहतो. नवजात बालकाच्या श्वासनलिकेत नळी घालणे आपणही व्याख्यानातून शिकलो नाही. ज्येष्ठ कोणीतरी खांद्यापाशी उभे होते.

हा श्रीमंतांचा शौक, असा आक्षेप मीही घेतला असता. परंतु 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा त्यांना पाण्याखालून बाहेर आणणारे प्रमुख पाणबुडे हौसेने गुहा धुंडाळणारे होते. त्यांच्यातील डॉ. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ. त्यांनी मुलांना केटामाइन दिले आणि वाटेत पुढची मात्रा कशी टोचायची, हे सोबतच्या पाणबुड्यांना शिकवले. त्याच गुहेत सिलिंडर पोहोचवून परतताना थाई नौदलाचे माजी जवान समन कुनान यांचा मृत्यू झाला होता. कौशल्याचे मोल आणि त्याची जोखीम, दोन्ही तिथे जगाला दिसली.

तरीही शिकवणी महाग म्हणजे चांगली, असे मी म्हणणार नाही. एकच शिष्य असतो, तोच पैसे देतो. त्याला नाराज करणे गुरूला परवडत नाही. मग शुल्क शिक्षणाचे न राहता प्रमाणपत्राचे होते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: शिष्य अपुरा ठरला तर काय?

माझ्या मुलाला उत्तर मिळाले. आठव्या दिवशी गुरूने सांगितले, "अजून नाही. सहा महिने सराव करून ये." पैसे गेले, प्रमाणपत्र नाही. मुलगा खट्टू होऊन परतला. त्याच्या आईने आणि मी मात्र त्या अनोळखी माणसाचे मनोमन आभार मानले. साध्या सर्दीला प्रतिजैविक द्यायला मी नकार देतो, तेव्हा शुल्क कशाचे, असे काही पालकांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. त्याचे उत्तर मला या शिकवणीत सापडले.

व्यवसायबंधूंना एक विनंती. आपल्याकडे डायव्हिंगसाठी तंदुरुस्तीचा दाखला मागणारे तरुण येतात. दमा, आकडी, कानाच्या पडद्याचे विकार यांची चौकशी केल्यावाचून त्यावर सही करू नये. 'अजून नाही' म्हणण्याची पहिली जबाबदारी आपलीच आहे.