पिवळेपणाचा दोष बाळंतिणीला नको

‘बाळ पिवळं दिसतंय गं,’ असं कुणी म्हटलं, की घरातली पहिली नजर वळते ती बाळंतिणीच्या ताटाकडे. हळद जास्त झाली का? पिवळं दुपटं कुणी आणलं? दुसरी नजर तिच्या दुधाकडे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी बाळंतपणातले पहिले आठ दिवस अशा अपराधी मनाने काढलेत. म्हणून आज हा विषय.

खरं कारण साधं आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी फुटल्या, की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि बाळाचं यकृत त्या कामाला अजून सरावलेलं नसतं. पूर्ण दिवसांच्या १० पैकी सुमारे ६ आणि अपुऱ्या दिवसांच्या १० पैकी ८ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. पण काहींची वाढत जाते, आणि बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर बहिरेपणासारखं कायमचं अपंगत्व पदरी येतं.

‘कोवळ्या उन्हात धरा,’ आजी सांगते. आजीचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का! १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना बाहेर उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरलेला, फक्त चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा पिवळाधमक. त्या निरीक्षणातून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार उभा केला आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला.

मग ऊनच का नको? कारण उन्हाला माप नाही. त्यात अतिनील किरण असतात, बाळाची कातडी भाजते आणि वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. दिव्याखाली नेमका निळा प्रकाश मिळतो. तो बिलिरुबिनचं रूप असं बदलतो, की यकृताच्या मदतीशिवायही ते शी-शूवाटे निघून जातं. डोळ्यांवरची पट्टी बघून आईच्या पोटात गोळा येतो खरा, पण ती बाळाच्या डोळ्यांना प्रकाशापासून जपण्यासाठीच असते. पाजायला बाळाला बाहेर घेता येतं. अंगावरचं दूध तोडू नका. साखरपाणी, घुटी काही देऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे. कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढते, आणि तोवर मायलेकरं घरी आलेली असतात. तेव्हा घरी सोडतानाच पुढच्या तपासणीची तारीख मागून घ्या. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडून पिईनासं झालं किंवा शी पांढरट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळे उजेडात पाहा. आणखी एक सांगते. ट्रंकेतली जुनी झबली काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला, तर ती बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच ‘जीसिक्सपीडी’ कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी भराभर फुटतात.

सासूबाईंनो, आईंनो, ताटातली हळद मोजण्यापेक्षा बाळाला उजेडात नीट पाहा आणि सुनेबरोबर, लेकीबरोबर डॉक्टरांकडे जा. तिला त्या दिवसांत दोष नाही, सोबत हवी असते.