युद्धचित्रकथांतील स्त्री : पाठीवरचे मूल आणि हातातली तलवार

शिवनेरीवरील शिवकुंजात जिजाबाई आणि बालशिवाजी यांचे शिल्प आहे. त्यात तलवार मुलाच्या हाती आहे. डिंगोरे, ओतूर, जुन्नर या टापूतील शाळकरी मुलांना इतिहासातील युद्ध प्रथम भेटते ते बहुधा गडावरच्या सहलीत आणि त्याच वयात हाती येणाऱ्या चित्रकथेत. मराठी समीक्षेने बालवाङ्मयाचा विचार करतानाही चित्रकथेला करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळे होणेच पसंत केले. वस्तुतः युद्धप्रसंगी स्त्रीने कोठे उभे राहावे, याचा पहिला आराखडा वाचकाच्या मनात याच चौकटी आखून देतात.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' मालेत झाशीची राणी, चांदबीबी, राणी दुर्गावती यांच्यावर स्वतंत्र पुस्तके आहेत. तेव्हा स्त्रीला वगळल्याचा सरसकट आरोप टिकणारा नाही. तिला रणांगणात प्रवेश मिळाला तो कोणत्या अटीवर, हे पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी दामोदररावांना नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तक घेतले तेव्हा ते सुमारे पाच वर्षांचे होते; १८५८ साली राणीने झाशी सोडली तेव्हा नऊ वर्षांच्या आसपासचे. असे असता चित्रकथा, कॅलेंडरे आणि पुतळे यांतून राणीच्या पाठीशी बांधलेला मुलगा कित्येकदा तान्ह्या बाळाएवढा दिसतो. ही केवळ चित्रकाराची हयगय मानता येणार नाही. शस्त्र उपसलेली स्त्री वाचकाला सोसावी म्हणून तिचे मातृत्व ठळक करावे लागते, आणि त्यासाठी मुलाचे वय घटवले जाते. 'मर्दानी' हे विशेषणही त्याच जातीचे : पराक्रम मान्य, पण तो पुरुषाकडून उसना आणलेला.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ च्या अखेरीस, अमेरिकेत 'वंडर वुमन' ही अचाट सामर्थ्याची नायिका अवतरली. १९४२ मध्ये वीरांच्या संघात तिची नेमणूक झाली ती चिटणीस म्हणून! पुरुष मोहिमेवर निघाले की हिने कचेरी सांभाळायची.

आपल्याकडील अडचण मात्र याच्या नेमकी उलट आहे. कचेरी सांभाळणे हेच जिथे खरे युद्धकार्य होते, तिथे चित्रकथेची नजर सहसा पोचत नाही. राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून १७०७ पर्यंत, ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धचा लढा चालवला तो सेनापतींच्या नेमणुका, किल्ल्यांची रसद आणि मोहिमांची आखणी यांच्या बळावर. खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारालाही त्यांचे कर्तृत्व मान्य करावे लागले. लोकप्रिय चित्रांत मात्र त्या ओळखू येतात घोडा आणि तलवार यांवरून.

मसलत चित्रात उतरत नाही, ही सबब येथे पुढे केली जाईल. ती मान्य होण्यासारखी नाही. आग्ऱ्याचा दरबार, तेथील शब्दाशब्दांचा पेच, मिठाईचे पेटारे हे सारे याच माध्यमाने रंगवून दाखवले आहे. १६६६ मध्ये महाराज आग्ऱ्यास गेले तेव्हा राज्याची देखरेख जिजाबाईंकडे होती. पुत्र शत्रूच्या कैदेत असताना राजगडावर बसून राज्य राखणारी ती प्रौढ स्त्री चौकटीत क्वचितच येते. येते ती पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, मुलाला रामायण-महाभारत सांगणारी.